तळघरांतील भट्टी आणि तिची निगा
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्याकडे घर फार तापतें अशी तक्रार असते. कॅनडांत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागांत घर तापविल्याशिवाय हिवाळा निभतच नाहीं. थंडीच्या लाटेंत टोरांटोचा पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो. आज पुण्या-मुंबईच्या अनेक कुटुंबांतील मुलें तेथें स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांचे आईवडील चार-सहा महिने त्यांच्याकडे राहून येतात. दिवसा मुलें कामावर गेलीं म्हणजे घर वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन असतें. त्या घराच्या तळघरांत एक यंत्र रात्रंदिवस राबत असतें. त्याची ओळख करून घेणें सोयीचें तर आहेच, परंतु प्रसंगीं जीव वांचविणारेंहि आहे.

यंत्राची कल्पना सोपी आहे. भट्टी, जिला तेथें फर्नेस म्हणतात, ती जळाऊ वायूवर चालते. तिच्यांतील पंखा घरांतील हवा एका बाजूनें ओढून घेतो, ती तापवितो आणि पत्र्याच्या नळ्यांवाटे खोल्याखोल्यांतून परत सोडतो. उन्हाळ्यांत तोच पंखा व त्याच नळ्या थंड हवा पोंचवितात. भिंतीवरील थर्मोस्टॅट या सर्वांचा मुकादम होय. विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचें पेटंट वॉरन जॉन्सन या अमेरिकन शिक्षकानें १८८३ सालीं मिळविलें. हवा गार व कोरडी करण्याचें आधुनिक यंत्र विलिस कॅरिअर यानें १९०२ सालीं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं योजिलें. माणसांच्या सुखापेक्षां दमट हवेनें फुगणाऱ्या कागदाची चिंता त्यामागें होती. आणि वायूवर चालणाऱ्या मध्यवर्ती भट्टीचा एक आराखडा न्यू जर्सींतील ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीनें १९१९ सालीं पेटंट करून घेतला.

आतां निगेकडे वळूं. पहिलें स्थान गाळणीचें, म्हणजे फिल्टरचें. पंख्याकडे परतणारी हवा तिच्यांतून जाते व धूळ, केस, तंतू तेथें अडकतात. आपल्या घरांत फोडणी, तळण व उदबत्ती असल्यामुळें गाळणी लवकर काळवंडते. म्हणून स्वयंपाकाच्या वेळीं चुलीवरचा, धूर बाहेर टाकणारा पंखा अवश्य लावावा. एक इंच जाडीची गाळणी एक ते तीन महिन्यांनीं बदलावी; चार-पांच इंच जाडीची सहा महिने ते वर्षभर पुरते. तिच्या कडेवर बाण छापलेला असतो. त्याचें टोंक भट्टीच्या दिशेस असावें. फार बारीक गाळणी घेतली म्हणजे अधिक चांगलें, असेंहि नाहीं. जी गाळणी यंत्राला झेपत नाहीं, ती हवेची वाट अडविते.

ही वाट अडली तर काय होतें, तें पाहण्यासारखें आहे. हिवाळ्यांत उष्णता वाहून नेण्यास पुरेशी हवा मिळत नाहीं. भट्टी आंतल्या आंत तापते, रक्षक कळ तिला बंद पाडते, थोड्या वेळानें ती पुन्हां पेटते, आणि असें वारंवार होऊन पत्र्यास तडे जाण्याचा संभव वाढतो. उन्हाळ्यांत याच्या उलट, गार नळ्यांच्या वेटोळ्यावर बर्फ सांचतो. तेव्हां गारव्याचें यंत्र बंद करावें, नुसता पंखा चालूं ठेवून बर्फ वितळूं द्यावा आणि गाळणी बदलावी. पुन्हां बर्फ धरला तर जाणत्या कारागिरास बोलवावें. खोल्यांतील जाळ्यांवर गालिचा किंवा कोच ठेवणें हेंहि हवेची वाट अडविणेंच होय.

मघां तडे म्हटलें, त्याचा अर्थ गंभीर आहे. भट्टींत ज्वाला एका पत्र्याच्या कोठींत असते व घरची हवा त्या कोठीच्या बाहेरून वाहते. दोहोंची भेट होतां कामा नये. कोठी फुटली, धुराडें तुंबलें किंवा ज्वलन अपुरें झालें, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु घरांत पसरूं शकतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपट अधिक घट्ट जोडला जातो, आणि शरीर आंतून गुदमरतें. डोकें दुखणें, मळमळ, भोंवळ व गुंगी हीं त्याचीं लक्षणें. घरांतील सर्वांनाच एकदम तसें वाटूं लागलें व बाहेर गेल्यावर बरें वाटलें, तर सर्दी-तापावर भिस्त ठेवूं नये. आपल्याकडेहि बंद खोलींतील कोळशाची शेगडी किंवा बंद न्हाणीघरांतील वायूचा गीझर यांनीं याच रीतीनें बळी घेतले आहेत.

यावर उपाय म्हणजे सूचक घंटा. ऑंटारिओ प्रांतानें २०१३ सालीं याविषयीं कायदाच केला. घंटा निजण्याच्या खोल्यांजवळ असावी, महिन्यांतून एकदां कळ दाबून तपासावी, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपतांच बदलावी. ती वाजली कीं कारण शोधीत बसूं नये. सर्वांनीं बाहेर पडावें आणि ९११ या क्रमांकावर कळवावें. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो जळाऊ वायु गळत असल्याची खूण समजावी. दिव्याचें बटणसुद्धां न दाबतां बाहेर पडावें. नव्या भट्ट्यांचा धूर भिंतींतून काढलेल्या प्लॅस्टिकच्या नळीनें जातो. हिमवृष्टीनंतर त्या नळीचें तोंड मोकळें आहे ना, हें पाहणें वडीलधाऱ्यांनाहि जमण्याजोगें काम आहे. मात्र निसरड्यावर एकट्यानें जाऊं नये.

हिवाळ्यांत ओठ फुटतात, लाकडाच्या सांध्यांना भेगा पडतात. शून्याखालीं दहा अंशांची हवा घरांत येऊन वीस अंशांपर्यंत तापली, कीं तिची सापेक्ष आर्द्रता शेंकडा बारांच्या वर राहत नाहीं. म्हणून भट्टीस पाण्याची वाफ मिसळण्याची जोड असते. आर्द्रता शेंकडा तीस ते चाळीस ठेवावी. कडाक्याच्या थंडींत आणखी कमी करावी, नाहींतर खिडक्यांच्या कांचांवर पाणी सांचून बुरशी धरते.

उन्हाळ्यापूर्वीं अंगणांतील यंत्राभोंवतीं दोन फूट जागा मोकळी करावी, पालापाचोळा काढावा, आणि वीज बंद करून पाण्याच्या मंद धारेनें त्याचे पत्रे धुवावे. गार हवेंतून निथळणारें पाणी नेणारी नळी शेवाळानें तुंबते व तळघर भिजतें. अधूनमधून तींत थोडा शिरका ओतल्यास ती मोकळी राहते. शीतक वायु मात्र वापरानें संपत नाहीं. तो कमी झाला म्हणजे कोठेंतरी गळती आहे असें समजावें. नुसता भरून घेण्यांत अर्थ नाहीं.

थोडक्यांत, गाळणी, जाळ्या, धुराड्याचें तोंड व घंटा हीं घरच्या माणसांचीं कामें. ज्वाला, वायु व वीज यांचीं कामें परवानाधारक कारागिराचीं. भट्टी वर्षांतून एकदां, शक्यतों थंडी पडण्यापूर्वीं, त्याच्याकडून तपासून घ्यावी. ज्यांच्या मुलाबाळांचीं घरें त्या थंड मुलुखांत आहेत, त्यांनीं पुढील दूरध्वनींत जेवणाखाण्याच्या चौकशीबरोबर एक प्रश्न आवर्जून विचारावा: गाळणी केव्हां बदलली, आणि घंटा वाजते ना?