धरते किती, सुटते कशी

टी-शर्ट छापण्याच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या माणसाने दुकानात जाऊन नुसतं ‘हीटची टेप द्या’ म्हटलं, तर दुकानदार काउंटरवर तीन निरनिराळ्या वस्तू ठेवू शकतो आणि तिन्ही वेळा तो बरोबरच असतो. पहिली तपकिरी-सोनेरी, पातळ, अर्धा-एक सेंटिमीटर रुंदीची. दुसरी हिरवी, तशीच चिंचोळी. तिसरी म्हणजे फूट-दोन फूट रुंदीचा, आरपार दिसणारा रोल. तिला कोणी ट्रान्सफर टेप म्हणतं, कोणी मास्क. पहिल्या दोघींनी छापील कागद मिनिटभर कापडावरून हलू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. तिसरीने कापलेलं चित्र मूळ कागदावरून उचलायचं आणि कापडावर नेऊन ठेवायचं. एकीचं काम दुसरीला सांगितलं की माल वाया गेलाच म्हणून समजा. टेप घेताना बहुतेक जण बोटाला लावून किती घट्ट चिकटते ते पाहतात. पाहायला हवं ते तापल्यानंतर सुटते कशी.

छपाई आणि गोंद यांच्याशी नाशिकचं नातं जुनं. लंडनच्या दे ला रू कंपनीत छापली जाणारी आपली टपाल तिकिटं १९२५-२६च्या सुमारास नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली, १९२८मध्ये तिथेच नोटाही आल्या. तिकिटामागचा गोंद एकदा चिकटला की सुटू नये अशीच त्याची रचना. कपड्यावरच्या छपाईला नेमकं उलट हवं असतं.

आज शहरात या कामाला गिऱ्हाईक बारमाही आहे. शिवजयंतीची मंडळं, गणपतीआधी ढोलपथकं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे कार्यक्रम, शाळांची संमेलनं. सायकलचं वेड तर वेगळंच. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत पूर्ण केली. सायकलस्वाराच्या अंगावरची ती रंगीबेरंगी, हाताला छपाईचा थर न लागणारी जर्सी बहुधा सब्लिमेशनची असते. टेपची गोष्ट तिथूनच सुरू करणं सोयीचं.

सब्लिमेशनमध्ये चित्र आधी कागदावर उलटं छापतात. हा कागद पॉलिएस्टरच्या कापडावर पालथा ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक मिनिट दाबला की शाईतला रंग द्रव न होता थेट वायू होतो आणि धाग्यात शिरतो. ही युक्ती १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या नोएल द प्लास यांना सापडली, असं मानलं जातं. सुती कापडावर ती चालत नाही. कापसाच्या धाग्यात हा रंग टिकत नाही. रंग वायुरूपात असताना कागद केसभर सरकला तरी अक्षराला दुसरी फिकट कड येते. धंद्यात याला घोस्ट म्हणतात. ही कड बहुतेक वेळा दाब चालू असताना येत नाही. प्रेसचं झाकण उघडताना वरच्या प्लेटला चिकटून कागद क्षणभर उचलला जातो आणि पुन्हा टेकतो, तेव्हा ती उमटते. टेप लावायची ती या एका क्षणासाठी.

घरातली सेलोटेप किंवा खोक्याची तपकिरी टेप इथे का चालत नाही? खोक्याची टेप पॉलिप्रोपिलीनची असते, आणि ते १६० अंशांच्या आसपास वितळतं. २०० अंशांवर ती आक्रसून कापडावर बसते, पुन्हा निघत नाही. पेंटरची कागदी मास्किंग टेप जळत नाही. पण साध्या मास्किंग टेपचा गोंद रबराचा असतो. तो तापून पातळ होतो, कापडात उतरतो आणि पिवळट डाग सोडतो. यात तिचा दोष नाही. १९२५ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यांनी ती दोन रंगांच्या मोटारी रंगवणाऱ्यांसाठी बनवली होती, टी-शर्टसाठी नव्हे.

सब्लिमेशनच्या तपकिरी टेपची फिल्म पॉलिइमाइडची. ड्यूपाँट कंपनीने १९६०च्या दशकात ‘कॅप्टॉन’ नावाने ती बाजारात आणली. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाचं सोनेरी आवरण याच जातीच्या फिल्मचं होतं. हिच्यावरचा गोंद सिलिकॉनचा असतो, आणि तो २५० अंशांच्या आसपासही टिकतो. हिरवी टेप पॉलिएस्टरची, गोंद सिलिकॉनचाच. थोड्या वेळासाठी २०० अंश सोसते, किमतीत बरीच स्वस्त. खरं तर दोघीही कपड्याच्या धंद्यात पाहुण्याच. तपकिरी टेप मोटरची आणि ट्रान्सफॉर्मरची कॉइल बांधायला वापरतात, हिरवी टेप पावडर कोटिंगच्या भट्टीत भोकं नि आटे झाकायला. विजेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना म्हणूनच त्या कधीपासूनच्या ओळखीच्या. नाशिकच्या छपाईवाल्याने सब्लिमेशनचा माल विकणाऱ्याबरोबरच औद्योगिक माल विकणाऱ्याकडेही भाव विचारावा. वस्तू तीच असते.

माझ्या मते टी-शर्टपुरती हिरवी पुरेशी आहे. कॉफीचे मग आणि धातूच्या बाटल्या जास्त वेळ तापतात, त्यांना तपकिरी. पण नाव ‘पॉलिइमाइड’ असलं म्हणून गोंद चांगला असेलच असं नाही. नवा रोल आला की बोटभर तुकडा पांढऱ्या पॉलिएस्टरच्या चिंधीवर लावावा, रोजच्या तापमानाला रोजच्यापेक्षा थोडा जास्त वेळ दाबावा आणि गरम असतानाच ओढावा. तंतू उपटले गेले, चिकट पट्टा राहिला किंवा पिवळी रेघ उमटली, तर रोल परत. टेप नेहमी चित्राच्या बाहेर, कागदाच्या कडेवर लावायची. चित्रावरून गेली तर तिच्या जाडीची रेघ छपाईत दिसते. आणि वापरलेला तुकडा पुन्हा लावायचा नाही. त्यावर बसलेला रंग पुढच्या तापात उडतो आणि कोऱ्या जर्सीच्या कॉलरजवळ निळा ठिपका देतो. दोन पैसे वाचवायला जाऊन अख्खी जर्सी घालवण्याचा हा हमखास मार्ग.

खरं डोकं लागतं ते मास्कच्या निवडीला. छापील व्हिनाइलचं काम असं: पातळ पीयू फिल्मवर इको-सॉल्व्हेंट शाईने चित्र छापायचं, प्लॉटरने कडेकडेने कापायचं, नको तो भाग चिमट्याने काढायचा. उरलेली अक्षरं लायनरवर, म्हणजे फिल्मच्या मूळ कागदावर, सुटी पडलेली असतात. एकेक उचलून शर्टावर मांडणं अशक्य. म्हणून वरून मास्क बसवतात, त्याच्यासकट अक्षरं उचलतात, शर्टावर ठेवून बहुतेक फिल्मना १५० ते १६० अंशांत पंधरा-वीस सेकंद दाबतात आणि मग मास्क ओढून काढतात. म्हणजे मास्कची पकड लायनरपेक्षा जास्त हवी आणि तापलेल्या कापडापेक्षा कमी. या दोन मर्यादांच्या मधली जागा फार अरुंद आहे.

मॅट, खरबरीत फिल्म आणि बारीक अक्षरं असली की जास्त चिकट मास्क लागतो. गुळगुळीत फिल्म, मोठे आकडे असले की मध्यम पुरतो. फार चिकट घेतला तर शर्टावर नीट बसलेलं ‘क्ष’चं टोकही परत वर येतं, किंवा फिल्म राहते आणि शाईच सोलली जाते. शाई सोलली गेली की लोक मास्कला शिव्या देतात. पुष्कळदा चूक घाईची असते. इको-सॉल्व्हेंट शाई हाताला कोरडी लागली तरी आत द्रावक उरलेलं असतं. वर मास्क लावला की ते कोंडतं. छापील पट्टा सैल ठेवून रात्रभर, शक्य तर २४ तास वाळवावा. ‘संध्याकाळपर्यंत पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला या कामाला नाही म्हणणं बरं.

गाड्यांवरचे स्टिकर लावायची कागदी ट्रान्सफर टेप दुकानात असतेच, तिच्यावर भागवायचा मोह होतो. ती तापासाठी नाही, रबरी गोंदाचा तोच डाग पडतो. मास्क बसवताना पट्टी मधून कडेकडे फिरवावी, मग सगळं पालथं करून लायनर चपटा मागे दुमडत काढावा. मास्क वर ओढायला गेलं की बारीक वेलांट्या मागे राहतात, आणि देवनागरीत वेलांट्या-अनुस्वारांना तोटा नाही. इंग्रजी अक्षरांसाठी ठीक वाटलेला मास्क मराठी नावांवर म्हणूनच स्वतंत्र तपासावा. चांगला मास्क अनेकदा वापरता येतो; धागे आणि धूळ बसून तो बोटाला कोरडा लागू लागला की टाकून द्यावा.

हवेचाही यात हात असतो. निफाडकडच्या थंडीत सकाळी गोंद आखडतो, मास्क चित्र उचलत नाही. खोली थोडी ऊबदार झाली की तोच रोल सरळ वागतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गाळ्यात ठेवलेल्या रोलच्या कडा चिकट होतात, धूळ बसते. आणि इगतपुरीच्या पावसात सब्लिमेशनचा कागद आणि कापड दोन्ही दमट होतात. कापड आधी पाच सेकंद मोकळं दाबून वाफ घालवली नाही, तर टेप कितीही चांगली असली तरी रंग पसरतो.

आता डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) छपाई आल्यापासून यातलं बरंच काम बिनटेपचं झालं आहे. तिथे चित्र पीईटी फिल्मवर छापतात, गोंदाची पूड टाकून वितळवतात. फिल्म हीच वाहक. मंडळाच्या दोनशे सुती टी-शर्टसाठी आज कोणी मास्कचा रोल घ्यायला निघालं, तर मी त्याला थांबवीन. पण पाठीवरच्या खेळाडूंच्या नावांना, चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह अक्षरांना अजून काही वेळा मास्क लागतो. २०२६-२७च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवकांच्या जाकिटांच्या ऑर्डरी निघतील, तेव्हा नाशिकच्या गाळ्यांत हा रोल पुन्हा फिरताना दिसेल. त्यातली पुष्कळ जाकिटं जाळीच्या पॉलिएस्टरची असतात. तिथे तापमान फिल्मला चालेल तितकं कमी ठेवायचं, आणि जाळीतून खाली उतरणारा फिल्मचा गोंद प्रेसच्या गादीला चिकटू नये म्हणून जाकिटाच्या आत बटर पेपर सरकवायचा.