महासाथीतील आरोग्यप्रबोधन आणि लोकसंस्कृती : देवगाव रंगारी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
महासाथ ही केवळ वैद्यकीय घटना नसते. रोगाचा प्रसार माणसांच्या वस्त्या, व्यवसाय व नातेसंबंध यांतून होतो. म्हणून त्यास रोखणारा संदेशही त्याच वाटांनी जावा लागतो. कोविड-१९ च्या काळात शासनयंत्रणेने अल्पावधीत मोठे कार्य केले. तथापि, संदेश पोहोचणे आणि तो स्वीकारला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचाही प्रत्यय आला. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी व आसपासच्या ग्रामीण भागाच्या संदर्भात या भेदाची कारणे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
संस्कृतिसुसंगत आरोग्यप्रबोधन म्हणजे तयार माहितीपत्रकाचे केवळ भाषांतर नव्हे. लोकांची बोली, श्रद्धा, कामाचे कालचक्र आणि त्यांचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा व्यक्ती, या चारही बाबी लक्षात घेऊन संदेश घडविणे त्यात अभिप्रेत आहे. अमेरिकेत २०२० मध्ये लॅटिनो समाजातील रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण गोऱ्या समाजाच्या कित्येक पट होते. घराबाहेर पडूनच करावी लागणारी कामे, दाटीची घरे, विम्याचा अभाव आणि स्थलांतरितांना वाटणारी शासकीय कारवाईची धास्ती ही त्याची प्रमुख कारणे होत. तेथे 'प्रोमोतोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्याच समाजातील आरोग्यसेविकांनी स्पॅनिश भाषेतून घरोघरी संवाद साधला. आपल्याकडील 'आशा' स्वयंसेविकेशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते.

इतिहासाची साक्ष :
हा धडा महाराष्ट्रास नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. स्वयंपाकघर, देवघर व स्त्रियांचा एकांत यांचे भान न राखल्याने लोक रुग्ण लपवू लागले. अर्थात, रोगनिवारणासाठी योजलेला उपायच रोग दडविण्यास कारण ठरला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हा इतिहास सर्वज्ञात आहे.

त्याच साथीत दोन वेगळी उदाहरणेही घडली. सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्यासमवेत हडपसरजवळ रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत हाफकिन यांची लस तिसरे आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतली व खोजा समाजातील अनेकांनी त्यांचे अनुकरण केले. रोग व औषध तेच, मात्र सांगणारी व्यक्ती आपली होती.

भाषेचा प्रश्न :
कन्नड तालुक्यात मराठीबरोबरच दखनी उर्दू, बंजारा तांड्यांतील गोरमाटी आणि भिल्ल वस्त्यांतील बोली नांदतात. महासाथीतील शासकीय परिभाषा मात्र 'विलगीकरण', 'अलगीकरण', 'प्रतिबंधित क्षेत्र' अशी होती. यांपैकी पहिल्या दोन शब्दांतील भेद सुशिक्षितांनाही सहज सांगता येत नसे. बाधितास वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि संशयितास वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण, हे सोप्या वाक्यात सांगणे आवश्यक होते.

'सामाजिक अंतर' हा शब्दप्रयोग तर अधिक विचार करावयास लावणारा आहे. ज्या समाजाने पाणवठ्यावरील अंतर पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यास हा शब्द निरुपद्रवी वाटणे शक्य नव्हते. 'शारीरिक अंतर' हा पर्याय पुढे आला, तरी पहिला शब्द रूढ राहिला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटास ऑनलाइन नोंदणी अनिवार्य होती; परंतु कोविन संकेतस्थळ मराठीसह प्रादेशिक भाषांत उपलब्ध झाले ते जून २०२१ मध्ये.

याउलट जुनी लोकभाषा पाहावी. आजारास 'देवी' म्हणणाऱ्या समाजाने लसीकरणासही 'देवी काढणे' असे नाव दिले. श्रद्धेच्या शब्दातच नव्या उपायास जागा मिळाली.

कामाचे कालचक्र :
या तालुक्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मे २०२१ पासून कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे होते. ऑक्टोबरमध्ये पहिली मात्रा घेतलेल्या ऊसतोड मजुराची दुसरी मात्रा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तो साखर कारखान्याच्या फडात असताना येते. गावच्या यादीत त्याची नोंद 'थकीत' अशी होईल. वास्तविक दोष वेळापत्रकाचा असतो. लसीकरण फडावरील कोप्यांपर्यंत नेणे हाच येथे सुसंगत उपाय होय.

विश्वास आणि सक्ती :
नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात पात्र नागरिकांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांनी किमान एक मात्रा घेतली होती. राज्याचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. तेव्हा जिल्हा प्रशासनाने शिधा, गॅस व पेट्रोल देण्यापूर्वी लसीकरणाचे प्रमाणपत्र पाहण्याचे आदेश दिले. सक्तीने रांगा वाढू शकतात, हे नाकारता येत नाही. परंतु शिधापत्रिकेवर अवलंबून असणाऱ्यास तिची झळ अधिक बसते आणि मनातील शंका तशीच राहते. पुढील साथीत ती शंका पुन्हा उभी राहील. त्याच महिन्यात मुस्लिमबहुल भागांत धर्मगुरू व लोकप्रिय अभिनेत्यांचे साहाय्य घेण्याचा विचार राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मांडला. हा मार्ग योग्य होता, पण तो आधीच अवलंबिला जाणे इष्ट होते.

विश्वासाचा खरा दुवा म्हणजे 'आशा'. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साकारलेली ही गावातीलच रहिवासी स्त्री साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक असते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. परंतु त्यापूर्वी जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी राज्यातील आशांना संप करावा लागला होता. ज्या दुव्यावर सारी भिस्त, तोच अल्प मोबदल्यावर राबविणे ही गंभीर विसंगती आहे.

समारोप :
महासाथ ओसरल्यावरचा काळ हाच पुढील साथीच्या पूर्वतयारीचा काळ होय. या दृष्टीने ग्रामीण महाविद्यालयांस पुढील कार्ये करता येतील :
१) भाषा विभागांनी गोरमाटी, दखनी व भिल्ल बोलींतील आजारविषयक शब्दांचा कोश तयार करणे.
२) अर्थशास्त्र व भूगोल विभागांनी परिसरातील स्थलांतराचे कालपत्रक आरोग्य केंद्रास उपलब्ध करून देणे.
३) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत तांड्याचे नायक, मौलवी व आशा यांच्याशी साथ नसतानाही संवाद राखणे.

आपल्या वर्गांत तांड्यावरून, वाडीवरून आणि मोहल्ल्यातून आलेले विद्यार्थी बसलेले असतात. लोकांची भाषा जाणणारे हे दूत आपणांस शोधावे लागणार नाहीत. त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहावे लागेल.