पासवर्ड डोक्यात ठेवावा की फोनच्या तिजोरीत?

पूर्वी घरात एकच किल्ली जपावी लागे, ती पत्र्याच्या पेटीची. जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांच्या गुणपत्रिका, सारे त्या पेटीत. आता मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, वडिलांचा भविष्य निर्वाह निधी संगणकावर, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. तिचेच नाव पासवर्ड.

ही किल्ली आपण कशी घडवतो? मुलाचे नाव आणि पुढे १२३. नाहीतर मोबाईल नंबर. कुणाचा 'जयभीम' आणि पुढे १४ किंवा १९५६. अभिमान रास्तच, पण आपले नाव-गाव ठाऊक असलेला चोर पहिला अंदाज तोच बांधणार. २००९ साली रॉकयू या अमेरिकन कंपनीकडून ३ कोटींवर पासवर्ड चोरीस गेले. त्यांत सर्वांत जास्त वेळा सापडला तो १२३४५६! शिवाय असा एका ठिकाणचा चोरलेला पासवर्ड चोर दहा ठिकाणी लावून पाहतात. म्हणून सगळीकडे एकच किल्ली ठेवणे सर्वांत वाईट.

अक्षरांत चिन्हे, आकडे मिसळा आणि दर तीन महिन्यांनी बदला, हा सल्ला आपण ऐकलेला असतो. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी असे नियम लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ साली त्याबद्दल खेद व्यक्त केला. लोक कंटाळून शेवटचा १ काढून २ करतात, एवढेच त्यातून होते. त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको असे सांगितले आणि लांबीवर भर दिला.

लांब आणि तरी लक्षात राहणारा पासवर्ड कसा करावा? १९९५ साली अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी फाशांची युक्ती सांगितली. ७७७६ शब्दांची यादी. पाच वेळा फासा टाकला की एक शब्द ठरतो. असे पाच शब्द घेतले तर शक्य जोड्यांची संख्या २० अंकी होते. घरी यादी नसेल तर जाड शब्दकोश पाच वेळा डोळे मिटून उघडावा, बोट पडेल तो शब्द घ्यावा. 'पाटा मुंगी रिक्षा आषाढ कंदील' असे काही निघेल. हसू येते, म्हणूनच विसरत नाही. (हाच मात्र घेऊ नका, तो आता छापला गेला!) शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, आपली आवड चोरालाही ठाऊक असते.

पण असे वीस पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? त्यासाठी पासवर्ड मॅनेजर ही तिजोरी आहे. बिटवॉर्डन, कीपास फुकट मिळतात. ती प्रत्येक ठिकाणचा वेगळा पासवर्ड तयार करून कुलूपबंद ठेवते. आपण एकच मुख्य पासवर्ड पाठ करायचा. तो विसरलो तर बिटवॉर्डनची कंपनीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही. २०२२ साली लास्टपास कंपनीकडून ग्राहकांच्या बंद तिजोऱ्याच चोरांनी उचलून नेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांना धोका अधिक.

आमचे मत विचाराल तर, ज्याचा फोन त्याच्याच हातात राहतो त्याने तिजोरी वापरावी. पण अनेक घरांत एकच फोन चौघांत फिरतो आणि त्याचे कुलूप शेजारच्या पोरालाही उघडता येते. तिथे फोनने आपणहून जतन केलेले पासवर्ड सुरक्षित कसले? त्यापेक्षा वहीत लिहून ती पेटीत ठेवावी. दूरदेशीचा चोर आपल्या पेटीपर्यंत पोहोचत नाही. कागदावर लिहून पाकिटात जपा, असे ब्रूस श्नायर या जाणकारानेही २००५ साली सांगितले होते. बँकेचा पिन मात्र वहीतही नको.

आणखी एक. शिष्यवृत्तीचा अर्ज केंद्रावर भरून घेतला, तर पासवर्ड बहुधा भरणाऱ्यानेच ठरवलेला असतो. घरी आल्यावर त्याच दिवशी तो बदला. आणि अर्जात नोंदवलेला मोबाईल नंबर आपलाच आहे ना, हे तिथून उठण्यापूर्वी मुलीला वाचून पाहू द्या. पासवर्ड विसरल्यास नवा करण्याचा संदेश त्याच नंबरावर जातो.