वाट आधी, सायकल नंतर

लेखमाला : सायकलने कामावर – भाग ३

मागच्या दोन भागांत सायकल कोणती घ्यावी आणि माळ्यावर पडलेली जुनी सायकल चालती कशी करावी, हे पाहिलं. आता ती दारात उभी आहे, टायरमध्ये हवा आहे, ब्रेक लागतात. सोमवारी सकाळी टांग टाकून थेट ऑफिस गाठावं असं वाटणं साहजिक आहे. पण थोडं थांबा. हौसेने सायकल सुरू केलेली आणि आठ-पंधरा दिवसांत ती सोडून दिलेली बरीच माणसं मी पाहिली आहेत. त्यांतल्या फार थोड्यांना पायांनी दगा दिला. बहुतेकांना रस्त्याने घाबरवलं. रोज ज्या रस्त्याने मोटारसायकल न्यायची, त्याच रस्त्याने त्यांनी सायकलही घातली आणि मागून येणाऱ्या हॉर्नला कंटाळून ती पुन्हा माळ्यावर टाकली. म्हणून हा अख्खा भाग वाटेवर खर्च करतो आहे.

कोल्हापुरात अंतर ही अडचण नाहीच. महापालिका १९७२ मध्ये झाली. हद्दवाढीवरून वर्षानुवर्षं बैठका आणि आंदोलनं होत राहिली, क्षेत्र मात्र ६६.८२ चौरस किलोमीटरवरच अडून राहिलं. एवढं क्षेत्र एका वर्तुळात बसवलं, तर मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर साडेचार किलोमीटरच्या थोडं वर भरतं. शहर गोल नाही हे खरं. तरी बिंदू चौकातून निघून ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या निवांत चालीने पायडल मारलं, तरी वीस-पंचवीस मिनिटांत शहरातल्या बहुतेक ठिकाणी पोचता येतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, कारण त्यांची गाठ पुणे-बंगळूर महामार्गाशी पडते. त्यांच्यासाठी स्वतंत्र भाग लिहिणार आहे.

वाट ठरवताना आपण सवयीने सरळ आणि रुंद रस्ता शोधतो. सायकलला हवा असतो सगळेच हळू जाणारा रस्ता. तुम्ही ताशी पंधराने चाललात आणि मागचा पंचविसाने आला, तर फरक दहाचा. त्याला तुम्ही दिसता आणि वळसा घ्यायला वेळही मिळतो. तोच पन्नासने आला तर फरक पस्तीसचा होतो. शिवाय धडकेतला जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीसवरून वेग पन्नासवर गेला की तो जवळपास पावणेतीन पट होतो. टोलच्या आंदोलनामुळे राज्यभर गाजलेल्या प्रकल्पातून शहरातले जवळपास ५० किलोमीटर रस्ते मोठे झाले. त्यांवरून पहाटे सायकल चालवायला मजा येते. सकाळी साडेनऊला मात्र त्याच रस्त्यांवर प्रत्येकाला घाई असते आणि मधल्या दुभाजकामुळे पलीकडे जायला लांबचा वळसा पडतो. नवख्याने सुरुवातीला ते टाळलेलेच बरे.

पेठा मात्र सायकलच्या आहेत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या गल्ल्या मोटारी येण्याआधीच्या. कुठे कोपऱ्यावर तालीम, कुठे मध्येच देऊळ, दारात पाणी भरणारी माणसं, आडवी लावलेली गाडी. इथे कुणाला वेग घेताच येत नाही. चारचाकीवाला वैतागतो, पण सायकलवाल्याला हीच जागा सगळ्यांत सुरक्षित. राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या क्रमांकाच्या गल्ल्याही अशाच उपयोगी पडतात. मुख्य रस्ता सोडून एक गल्ली आत शिरलं तरी निम्मा गोंगाट मागे राहतो. एक पथ्य पाळावं : एकेरी वाहतुकीचा नियम सायकललाही आहे. उलट्या बाजूने घुसणारा सायकलवाला कोपऱ्यावर समोरच्याला दिसतच नाही, कारण त्याची नजर दुसरीकडे असते.

पण गल्ल्यागल्ल्यांनी शहरभर जाता येत नाही. मध्ये काही जागा अशा आहेत की तिथूनच जावं लागतं. नकाशा घेऊन बसाल तेव्हा घर आणि ऑफिस यांच्यामध्ये रेघ ओढू नका. आधी या अडकणाच्या जागांवर खुणा करा, मग त्यांच्यामधलं अंतर गल्ल्यांनी जोडा.

यातली पहिली अडचण रेल्वेची. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली ती १८९१ मध्ये. तेव्हा स्टेशन गावाबाहेर होतं. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे आणला. पुढे राजारामपुरी वसली, वस्ती रुळांच्या दोन्ही अंगांना पसरली. रूळ राहिले जिथल्या तिथे, आणि ते ओलांडायच्या जागाही मोजक्याच राहिल्या. मध्यवर्ती बसस्थानकाकडून राजारामपुरीकडे येताना परीख पुलाखालून जावं लागतं. तिथे रस्ता खाली उतरतो, पुलाखाली आवळतो आणि पुन्हा वर चढतो. रिक्षा, दुचाकी, मोटारी सगळ्यांना त्याच बोळातून जायचं असतं. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी साचतं आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. गर्दीच्या वेळी तिथे सायकलवरून उतरावं, हँडल धरून कडेने चालत जावं आणि पलीकडे पुन्हा बसावं. मिनिटभराचं काम आहे. सायकल हातात धरून चालता येणं ही तिची मोठी सोय आहे, ती वापरायला संकोच कसला?

दुसरी अडचण जयंती नाल्याची. हुतात्मा पार्कच्या अंगाने लक्ष्मीपुरीकडे आणि पुढे पंचगंगेला जाणारा हा नाला गाडीवरून जाताना जाणवतही नाही. सायकलवर मात्र तो पायांना कळतो. जुन्या शहरातून राजारामपुरीकडे निघालं की नाल्यापर्यंत उतार आणि पलीकडे चढ. सागरमाळ, टेंबलाई टेकडीचा परिसर आणि १९६२ मध्ये स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ हे सगळं उंचावर. म्हणजे शिवाजी पेठेतून विद्यापीठात कामाला जाणाऱ्याला सकाळी चढ आणि संध्याकाळी दमून येताना उतार. हा क्रम तसा सोयीचाच, फक्त सकाळच्या घामाची व्यवस्था लावली पाहिजे.

ती व्यवस्था वेगात आहे. माणूस आणि काळी लोखंडी सायकल मिळून नव्वद किलो धरा आणि चढ शंभर मीटरला तीन मीटरचा. सपाटीवर ताशी पंधराला जेवढी ताकद लागते, तिच्या तिपटीहून जास्त ताकद या चढावर तोच वेग राखायला लागते. वेग आठवर आणला तर दीडपटीत भागतं. चढाची लांबी तीच, पण एकात शर्ट पाठीला चिकटतो आणि दुसऱ्यात नाही. चढ लागला की वेग राखायचा हट्ट सोडून द्यावा.

गिअरचा उपयोग इथेच होतो. साध्या काळ्या सायकलला पुढे साधारण ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल पाच मीटरांच्या वर पुढे सरकते. सपाटीवर हे उत्तम, चढावर जड. गिअरच्या सायकलला पुढे २८ आणि मागे ३२ दात्यांवर चेन आणली, तर एका फेऱ्यात ती दोन मीटरही सरकत नाही. पाय भराभर फिरतात, पण गुडघ्यावर भार येत नाही. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करावा. चढाच्या मध्यावर पायडलवर पूर्ण वजन टाकून गिअर बदलला की चेन कटकट वाजते आणि बऱ्याचदा उतरते. साधी सायकल असली तरी काही बिघडत नाही. शेवटचा अवघड टप्पा उतरून चालावा. आणि सीट खाली असेल तर ती आधी वर घ्या. पायडल सगळ्यांत खाली असताना टाच त्यावर टेकवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. बसल्या बसल्या दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणारे चढावर विनाकारण दमतात.

तिसरी गोष्ट ऋतूची. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले की ऊसवाहतूक सुरू होते. छत्रपती राजाराम कारखाना कसबा बावड्यातच आहे, त्यामुळे बावड्याकडे रोज जाणाऱ्याला ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या चुकत नाहीत. सरळ रस्त्यावर ही जोडी संथ चालते. धोका डाव्या वळणावर. ट्रॅक्टर मोठा वळसा घेतो, आपल्याला वाटतं डावीकडे भरपूर जागा आहे. पण मागच्या ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या वाटेने येत नाहीत, ती आतल्या बाजूने कापत येतात आणि ती मोकळी दिसणारी जागा बघता बघता संपते. वर उसाचे शेंडे बाहेर लोंबत असतात ते निराळेच. चौकात ट्रॅक्टर दिसला की त्याच्या डावीकडे घुसायचं नाही. मागे थांबायचं आणि त्याला पूर्ण वळू द्यायचं. एसटी आणि केएमटीच्या बसलाही हाच नियम.

मोठ्या चौकात उजवीकडे वळणं हे नवख्याला सगळ्यांत अवघड जातं. दाभोळकर कॉर्नर, दसरा चौक, कावळा नाका इथे वाहनांच्या मधोमध जाऊन हात दाखवत उभं राहायची गरज नाही. सिग्नल मिळाल्यावर डाव्या कडेने सरळ पलीकडे जा, तिथल्या कोपऱ्यावर थांबा, सायकलचं तोंड फिरवा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर निघा. एक सिग्नल जास्त लागेल, पण जीव मुठीत धरावा लागणार नाही. एरवीही अगदी गटाराच्या कडेला चिकटून चालवू नका. कडेपासून हातभर अंतर ठेवा आणि उभ्या मोटारींपासून दार उघडेल एवढं. अंग चोरून चालवणाऱ्याला लोक अधिक दाबतात, हे रस्त्यावर रोज दिसतं.

कागदावर वाट ठरली की रविवारी सकाळी ती चालवून पाहा. त्यात फक्त वळणं, चढ आणि खड्डे कळतात, म्हणून मग एकदा कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला, पण सुट्टी काढून किंवा कामाची घाई नसताना जा. कुठल्या शाळेपाशी रिक्षांची रांग लागते, कुठल्या कोपऱ्यावर भाजीच्या गाड्या रस्ता अडवतात, कुठे कुत्री मागे लागतात, हे त्या दिवशी कळेल. जाण्याची आणि येण्याची वाट एकच असली पाहिजे असंही नाही. एक पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवा. लक्ष्मीपुरीत रविवारी बाजार असतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात. गणपती विसर्जनाला महाद्वार रोडकडे फिरकायचंच नाही. या दिवसांत नेहमीची वाट चालत नाही, आणि ऐनवेळी शोधलेली वाट हमखास मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडते.

पावसाळ्यासाठी तर दुसरी वाट लागतेच. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जयंती नाल्यातून फुगवट्याचं पाणी मागे सरकत व्हीनस कॉर्नर आणि दसरा चौकाकडे आलं होतं. नदीची पातळी वाढत असेल, तर नाल्याजवळच्या सखल गल्ल्यांची वाट त्या आठवड्यापुरती सोडून द्या आणि उंचावरून जाणारी धरा. साचलेल्या पाण्यातून सायकल घातली की चेन, फ्रीव्हील आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. ब्रेकची रबरं ओल्या रिमवर घसरतात आणि सायकल थांबायला दुप्पट जागा घेते.

मडगार्ड, रेनकोट, चेनचं तेल आणि पाण्यातून आलेल्या सायकलचं काय करायचं, हे पुढच्या रविवारी.