दात ओढणाऱ्या स्क्रूचा नांगर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वसईच्या एक बाई आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. पर्समधून कागदाची पुडी काढून त्यांनी टेबलावर उलगडली. आत तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा स्क्रू होता.

"डॉक्टर, पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच बसवलात, आणि काल जेवताना हिच्या हातात आला. शेजारी सांगतात, खरखरीत स्क्रू मिळतो, त्याला हाड घट्ट धरतं. चार पैसे जास्त घेतले असते तरी चाललं असतं. तो का नाही बसवलात?"

प्रश्न अगदी रास्त होता. असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, म्हणून त्याचे उत्तर आज सविस्तर देत आहे.

पुढे आलेले दात तारेने मागे ओढायचे, तर जोर कशाच्या तरी आधाराने लावावा लागतो. दाढांचा आधार घेतला, तर पुढचे दात मागे येताना दाढाही पुढे सरकतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दोन होड्या दोराने एकमेकींना बांधून एकीवरून दोर ओढला, तर दोन्ही होड्या हलतात. एक होडी जागेवर ठेवायची, तर नांगर टाकावा लागतो. हिरडीतून हाडात बसवलेला हा स्क्रू म्हणजे तो नांगर. तो साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाड आणि सहा ते बारा मिलिमीटर लांब असतो. बहुधा तो टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो, काही स्क्रू स्टेनलेस स्टीलचेही असतात. जागा बधिर करून तो काही मिनिटांत बसतो आणि काम झाले की काढून टाकतात.

टायटॅनियम आणि हाड यांचे सख्य स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना आढळले. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी निघता निघेना! त्यातूनच पुढे कायमचे कृत्रिम दात बसवण्याचे तंत्र आले. दात सरकवण्यासाठी छोटा स्क्रू वापरण्याची पद्धत जपानच्या डॉ. कानोमी यांनी १९९७ साली मांडली.

खरखरीतपणा कशासाठी?

पाटा गुळगुळीत झाला की आपण त्याला टाकी लावून घेतो. स्क्रूचेही तसेच करता येते. त्यावर बारीक कणांचा जोरदार मारा करतात, मग आम्लात बुडवून सूक्ष्म खळगे पाडतात. काही कारखाने विजेच्या साहाय्याने त्यावरचा ऑक्साइडचा थर जाड करतात. हे खळगे एक-दोन मायक्रॉनचे असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. अशा पृष्ठभागावर हाडाच्या पेशी चांगल्या रुजतात आणि स्क्रू उलटा फिरवायला जास्त जोर लागतो.

मग सरसकट तोच का वापरू नये? कारण हा नांगर तात्पुरता आहे. कायमच्या इम्प्लांटला हाडाने जन्मभर धरून ठेवावे लागते. हा मात्र पुढे काढायचा आहे. हाड फारच चिकटले, तर इतका बारीक स्क्रू काढताना मोडण्याची भीती असते. शिवाय हिरडीतून वर येणारा भाग खरखरीत असेल, तर त्यावर कीटण साचते आणि सूज येते. म्हणून तो भाग गुळगुळीतच ठेवतात.

आणखी एक गोष्ट. पहिले काही आठवडे स्क्रू टिकतो, तो आट्यांनी हाडात धरलेल्या पकडीवर. हाडाच्या पेशी नंतर येतात. म्हणूनच रुग्णांवरच्या अभ्यासांत खरखरीत आणि साध्या स्क्रूंच्या यशात फार मोठा फरक दिसलेला नाही. शंभरातले दहा-पंधरा स्क्रू सैल होतात, आणि वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त. त्यामागे पातळ हाड, दाताच्या मुळाशी झालेली जवळीक आणि हिरडीची सूज ही प्रमुख कारणे आहेत.

मुलीची हिरडी पाहिली तर लालभडक! दुखेल या भीतीने तिने त्या बाजूला ब्रशच लावला नव्हता. यात तिच्याइतकीच माझीही चूक होती. स्क्रू सैल होऊ शकतो आणि तिथे घासलेच पाहिजे, हे मी घाईत नीट सांगितले नव्हते. ते मी बाईंपाशी कबूल केले.

काळजी कशी घ्यावी?

स्क्रूभोवती मऊ ब्रशने दिवसातून दोनदा हळुवार घासावे. जिभेने किंवा बोटाने त्याला सारखे चाळवू नये. चिक्की, कडक सुपारी टाळावी. विडी, सिगारेट, तंबाखू तर नकोच. स्क्रू हलू लागला किंवा दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि बसवण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे : "सैल झाला तर पुढे काय? दुसऱ्याचा खर्च कोणाचा?"

सूज उतरल्यावर मी शेजारच्या जागी दुसरा स्क्रू बसवला, तोही साधाच. पैसे घेतले नाहीत. नऊ महिने तो टिकला. गेल्या महिन्यात काढला, तेव्हा मुलगी म्हणाली, "झालं पण?"

बाईंनी तोही कागदाच्या पुडीत बांधून घेतला.