हिकमत आणि हुन्नर

'हिकमत' आणि 'हुनर' हे शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेत. पहिला मूळचा अरबी, दुसरा फारसी. दोन्ही मराठीतही रुळले आहेत. मात्र त्यांत थोडा फरक पडला आहे. तो समजून घेऊ या.

उर्दूत 'हिकमत' म्हणजे शहाणपण, सखोल ज्ञान. युनानी वैद्यकालाही हिकमत म्हणतात. मराठीत मात्र हिकमत म्हणजे अडचणीतून वाट काढणारी युक्ती. उर्दू वर्तमानपत्रांत तुम्ही 'हिकमत-ए-अमली' वाचता, म्हणजे काम साधण्याची योजना. मराठी अर्थ त्याच्या जवळचा आहे. म्हणून "हकीमसाहेब हिकमत करतात" असे मराठीत लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल, ते काही युक्ती लढवत आहेत! तेथे "वैद्यकी करतात" असे लिहावे.

'हुनर' मराठीत 'हुन्नर' झाला. हुन्नर म्हणजे हातातील कसब. शिंप्याचे उदाहरण घ्या. तो कापड नीट बेततो, सफाईने शिवतो, हा त्याचा हुन्नर. तो सरावाने येतो. पण एखादे दिवशी कापड कमी पडते. तेव्हा तो असा तुकडा जोडतो की जोड दिसतच नाही. ही त्याची हिकमत. ती गरजेच्या वेळी सुचते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की पाहा. डोंगराकडील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले जाई. येथे फकीर व वाटसरू यांच्यासाठी धान्य दळत. वाहत्या पाण्याकडून दळण करून घेणे ही हिकमत. नळ व जाते घडवणे हा हुन्नर.

लिहिताना लक्षात ठेवा : ती हिकमत, तो हुन्नर. 'हिकमती' व 'हुन्नरी' ही विशेषणे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत : हिकमती मुलगा, हिकमती मुलगी.

ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याला आपण चटकन 'अडाणी' म्हणतो. पण गवंडी ओळंबा लावून भिंत सरळ उभारतो, विणकर तुटलेला धागा क्षणात सांधतो. हे ज्ञान नव्हे काय? अशा माणसांसाठी मराठीत हे दोन नेमके शब्द आहेत. आपल्या मोहल्ल्यातील एका कारागिराचे काम पाहा आणि हे दोन्ही शब्द वापरून त्याच्याविषयी पाच वाक्ये लिहा.