ओसरीवरची सुवार्ता

साक्ष पाच मिनिटांच्या पुढे सरकली की पाळक डफवाल्याकडे बघतात. डफावर बोटे हलकेच वाजू लागतात, बोलणाऱ्या बाईला इशारा कळतो आणि ती घाईघाईने ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणून खाली बसते. धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरगा-लोहारा भागात एखाद्या घराच्या ओसरीवर भरणाऱ्या प्रार्थनासभेचा हा शिरस्ता. सोयाबीनच्या सुगीत सभा रात्री नऊला भरते, एरवी साडेसातला. सतरंजी, पेटी, डफ, दोन टाळ आणि पाळकांसाठी प्लास्टिकची एक खुर्ची, जिच्यावर ते सहसा बसतच नाहीत. आधी गाणी, मग प्रार्थना, शास्त्रातला एखादा उतारा, मग साक्षी आणि शेवटी चहा.

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते चारचौघांत सांगणे. ऐकायला सोपे, पण त्यालाही घडण लागते. आधी काय होते, आडवे काय आले, प्रार्थना कशी झाली, आता कसे आहे. नवखा माणूस हटकून पहिल्याच भागात अडकतो, कारण दारूचे, भांडणाचे, सावकाराचे तपशील सांगायला आणि ऐकायलाही गोडी असते; देवाची पाळी येईपर्यंत डफ वाजायला लागलेला असतो. मुरलेली माणसे नवऱ्याला नावे ठेवत नाहीत, कर्जाचा आकडा सांगत नाहीत आणि ‘अमक्या देवाचा नाद सोडला तेव्हा बरे वाटले’ असे तर चुकूनही म्हणत नाहीत. तुळजाभवानीचे तुळजापूर याच जिल्ह्यात आहे. खांबाला टेकून, एक पाय पायरीवर ठेवून ऐकणाऱ्या शेजारणीच्या घरी नवरात्रात घट बसतो. तिच्या आईला नावे ठेवून तिला चांगली बातमी ती काय सांगणार?

ही शेजारीण सतरंजीवर येऊन बसत नाही, पण उठूनही जात नाही. तिचे काम शेवटी असते. लेकराचा ताप उतरत नाही, मुलीचे जमत नाही, मालक पितो. ‘आमच्यासाठी बी मागा की,’ एवढेच ती म्हणते. पाळक डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारतात, हात ठेवू का. प्रार्थना झाल्यावर एक वाक्य ठरलेले: ‘मावशी, गोळ्या बंद करू नका. सोमवारी सरकारी दवाखान्यात दाखवून या.’ हे वाक्य सगळेच पाळक म्हणतात असे नाही आणि तिथेच गडबड होते. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुणाच्याही प्रार्थनेला हात लावलेला नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. व्यासपीठावरून ‘चष्मा फेकून दे, काठी टाकून दे’ असे ओरडणारे मोठ्या मैदानावरचे प्रचारक या ओसरीवरच्या पाळकांना नकोसे वाटतात. चमत्कार झाला नाही तर मैदानवाला दुसऱ्या गावी निघून जातो. पाळकांना मात्र त्याच मावशीच्या दारावरून रोज जायचे असते.

मराठी मुलखात ओळखीतून आणि अनोळखीतून श्रद्धा कशी पोहोचते याची दोन्ही उदाहरणे एकाच घरात सापडतात. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, काव्याच्या गप्पा झाल्या, उतरण्याआधी त्याने नवा करार हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण, हे कधीच कळले नाही. रेल्वेत पत्रके वाटणारे आजही ही गोष्ट मोठ्या हौसेने सांगतात. त्याच घरातली दुसरी गोष्ट ते सांगत नाहीत, कारण ती पत्रकात मावत नाही.

ती टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. नवरा बाटला म्हणून त्यांनी सुमारे पाच वर्षे वेगळी काढली, त्या काळात काय सोसले ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. त्यांना कुणी वाद घालून जिंकले नाही. टिळकांकडे परत आल्यावरही सोवळे-ओवळे त्यांच्यासोबतच आले होते. ते सुटत गेले ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीशी, शेजारपाजारात. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक पंडित, त्यांना पुस्तक पुरले. बायकोला मात्र माणसे बघायची होती. धाराशिवच्या ओसरीवर बहुतेक जण लक्ष्मीबाईंच्याच वाटेने येतात, फक्त ते लिहून ठेवत नाहीत.

ही ओसरी इतकी लहान का, त्यालाही इतिहास आहे. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्येच बस्तान बसवले, ‘ज्ञानोदय’ १८४२ला सुरू केला. धाराशिव मात्र सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. नगरसारखी शाळा, छापखाना, चर्च, पुढे कॉलेज अशी साखळी इथे उभी राहिली नाही. मराठवाड्यातले बरेचसे ख्रिस्ती दलित कुटुंबांतले, आणि त्यांच्यापुढे एक कागदी भिंत उभी आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ला शिखांना आणि १९९०ला बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिमांना अजूनही नाही. म्हणून वर्षानुवर्षे सभेला येणारा, गाणी तोंडपाठ असलेला एखादा बाप पोराचा जातीचा दाखला डोळ्यांपुढे ठेवून बाप्तिस्म्याला ‘बघू’ म्हणतो. पाळकही घाई करत नाहीत. बाहेरून येणारे सुवार्तिक वहीत किती आत्मे जिंकले ते लिहितात तेव्हा हा ‘बघू’ कुठल्या रकान्यात जातो, देव जाणे.

सांगण्याची जुनी मराठी तऱ्हा मात्र या मातीतलीच. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ला गोव्यात आले आणि १६१६मध्ये त्यांनी बायबलची कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत सांगितली. ‘क्रिस्तपुराण’ राचोलला रोमन लिपीत छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकर ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हाती घेतले, त्यात कृष्णा रत्नाजी सांगळे यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. पुढे टिळकांनी अभंग आणि कीर्तन दोन्ही गाजवले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची गीते आजही गायली जातात.

कीर्तनाचा साचा ठरलेला. नमन, पूर्वरंगात निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात आख्यान. आख्यानाला उधळ्या पुत्रासारखी गोष्ट नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात ती वीस-बावीस वचनांत संपते. कीर्तनकार तिला पाऊण तास पुरवतो. त्याची सगळी भिस्त एका शब्दावर: वाटणी. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो. इथे तो थांबतो. समोर बसलेल्यांत सात-बारावरच्या नावासाठी तहसील आणि कोर्टाचे उंबरे झिजवलेली माणसे असतात, त्यांना पॅलेस्टाइन समजावून सांगावे लागत नाही. पोरगा वाटा विकून दूर मुलखात जातो, पैसा उडतो, दुष्काळ पडतो. पुन्हा थांबायचे; दुष्काळाचे वर्णन धाराशिवकरांपुढे लांबवायची गरज नसते. मग पोरगा परत येतो आणि म्हातारा बाप त्याला दुरून पाहून धावतो. कीर्तनकार उपरण्याचा सोगा खोचून दोन पावले खरोखर धावतो, कारण गावात पोक्त माणूस धावत नसतो, धावला तर हसे होते, आणि बाप ते हसे करून घेतो. बायका इथे पदर डोळ्याला लावतात.

मूळ गोष्टीत बाप पोसलेले वासरू कापतो. शहाणा कीर्तनकार ‘गावजेवण घातले’ म्हणून पुढे जातो. २०१५पासून राज्यात गोवंश हत्याबंदी अधिक कडक झाली आहे आणि श्रोत्यांत माळकरीही असतात. काही कर्मठ विश्वासी शास्त्रात फेरफार केला म्हणून कुरकुरतात. कीर्तनकाराचे बरोबर आहे: वासरावरून वाद पेटला की बाप धावला ते सगळे विसरतात.

अशी कीर्तने आता विरळ झाली आहेत. तरुण पोरांना कीबोर्ड हवा, आणि धाराशिवच्या या कोपऱ्यात सोलापूर, कलबुर्गी, हैदराबाद सगळेच हाकेवर असल्याने हिंदी-तेलुगू गाण्यांच्या चाली मराठी शब्द अंगावर चढवून येतात. शब्द कुठेही तुटतात, र्‍हस्वाचे दीर्घ होतात. टिळकांनी ऐकले असते तर काही बोलले असते.

जानेवारी २०२०मध्ये ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी हा विषय जिल्ह्याच्या गावी थेट मांडवात आला. उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली होती. जिल्ह्यातल्याच तेरच्या गोरोबाकाकांचे नाव संमेलननगरीला दिलेले, उद्घाटनाला ना. धों. महानोर, आणि अध्यक्ष वसईचा कॅथलिक धर्मगुरू. सप्टेंबर २०१९मध्ये निवड जाहीर होताच ‘मिशनरी अध्यक्ष कसा?’ म्हणून विरोध सुरू झाला, साहित्य महामंडळाचे अध्यक्ष कौतिकराव ठाले पाटील यांना धमकीचे फोन आले. संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले.

दिब्रिटोंनी आपली श्रद्धा लपवली होती असे नाही. १९८३पासून २००७पर्यंत ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणले आणि त्यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पण वसईत ते घरोघरी पोहोचले ते हरित वसईच्या लढ्यामुळे, जमिनी आणि पाणी वाचवण्यासाठी उभे राहिल्यामुळे. २५ जुलै २०२४ला ते गेले. त्यांच्या विरोधकांना त्यांनी किती जणांचे धर्मांतर केले याचा आकडा हवा होता. वाचकांना त्यांच्या मराठीशी देणेघेणे होते.

राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म मानणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे असे तीन हक्क आहेत. ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की नाही यावर डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत चांगलीच खडाजंगी झाली. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात रेघ ओढली: आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क असा नाही. ओसरीवरचे पाळक कायद्याची पुस्तके वाचत नाहीत, पण ही रेघ त्यांना पाठ असते. आमिष ही त्यातली सर्वांत निसरडी जागा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारीसह लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा देशभरातून आलेल्या मदतकर्त्यांत चर्चशी जोडलेल्या संस्थाही होत्या. त्याच्या पुढच्याच वर्षी रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी आचारसंहिता ठरवली: मदतीचा उपयोग कुठल्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करायचा नाही. कॅरिटास आणि जागतिक चर्च परिषद यांनीही तिच्यावर मान्यतेची मोहोर उमटवली. पत्रा आणि पत्रक एकाच हाताने द्यायचे नाही, हे तेव्हा कागदावर आले.

आता पत्रकही फारसे उरलेले नाही, बहुतेक सगळे मोबाइलवर. २०१६ला डेटा स्वस्त झाला आणि पहाटे पाचला स्टेटसवर वचन लावायची रीत पडली. गुलाबी सूर्योदय, त्यावर स्तोत्रसंहिता, खाली कुटुंबाचे नाव. तासाभरात शेजारच्या स्टेटसवर ‘आई राजा उदे उदे’ येते. दोघेही एकमेकांचे बघतात, कुणी काही म्हणत नाही. यूव्हर्जनचे बायबल ॲप २००८पासून आहे, त्यात मराठी शास्त्रही आहे. अक्षर मोठे करता येते म्हणून म्हाताऱ्यांना ते काळ्या जिल्दीच्या पुस्तकापेक्षा आवडते.

सभेचे थेट प्रक्षेपण करताना मात्र पाळक विलक्षण जपतात. फोन पेटीवर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. तो कुठे रोखायचा हे काम एका कॉलेजच्या पोरीकडे. फ्रेममध्ये पाळक, डफवाला आणि भिंतीवरचे कॅलेंडर. खांबाशी उभी मावशी नाही. गाणी आणि वचन बाहेर जाते, साक्ष सुरू झाली की प्रक्षेपण बंद. बाईने ओसरीवर सांगितलेले तिच्या दिराने पुण्यात बसून ऐकावे हे बरे नाही, आणि कुणी मधला तुकडा कापून ‘गावात काय चाललंय बघा’ म्हणून फिरवला तर पोलीस पाटलाच्या दारात उभे राहावे लागते.

ही भीती हवेतली नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना ठार मारले. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हापासून बाहेरगावचा पाहुणा वक्ता येणार असला की सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवायचे, असा काही पाळकांनी नेम केला आहे.

सभेच्या ग्रुपचेही नियम आहेत. संदेश फक्त ॲडमिन टाकणार. दुसऱ्या देवाची टिंगल करणारा व्हिडिओ आला तर ग्रुपवर टाकायचा नाही, पाठवणारा कितीही मोठा सुवार्तिक असो. न विचारता कुणाचा नंबर जोडायचा नाही. जोडला गेलाच तर तो माणूस तिसऱ्या दिवशी गुपचूप बाहेर पडतो आणि पुढे रस्त्यात नजर चुकवतो. दहा वर्षांची ओळख एका बटणाने जाते. याउलट कधीतरी एखादे स्टेटस पाहून कुणी विचारतो, ‘ते काल लावलेलं कुठलं हो?’ पोरे लगेच लिंक पाठवायला धावतात. पाळक त्यांना थांबवतात आणि उत्तर लिहितात, ‘बाजाराच्या दिवशी स्टँडवर भेटा, चहा घेऊ.’